पाच मिनिटांचं मशीन आणि तीन दिवसांचं कल्चर

आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत फिरत आला. त्याचा सारांश असा: जंतू पाच मिनिटांत ओळखणारं मशीन आलंय, तरी लॅबवाले कल्चरच्या (नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या) नावाखाली तीन-तीन दिवस लावतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू लगेच दिसतो, मग नाव सांगायला काय जातं? टायफॉइड तर विडाल या रक्तचाचणीत तासाभरात कळतो. आणि एकच नमुना दोन लॅबना दिला की दोन नावं येतात, यावरून काय ते समजा. खाली ‘जनहितार्थ’ आहेच. मावसभावाने मला विचारलं, “काय गं, तू तर त्याच कामात आहेस, खरं आहे का हे?” एका ओळीत उत्तर जमेना, म्हणून हे.

मशीन खरं आहे. माल्डी-टॉफ त्याचं नाव. काडीच्या टोकावर जंतूंच्या कॉलनीचा, म्हणजे एका जंतूपासून वाढलेल्या ठिपक्याचा, कण घ्यायचा, स्टीलच्या पट्टीवरच्या छोट्या गोलात पुसायचा, वर मॅट्रिक्सचा (लेसरची ऊर्जा शोषणाऱ्या रसायनाचा) थेंब टाकून वाळवायचा आणि पट्टी मशीनमध्ये सरकवायची. लेसरचा मारा झाला की जंतूतली प्रथिनं, मुख्यतः रायबोसोममधली, सुटी होऊन निर्वात नळीतून धावतात. हलकी आधी पोचतात, जड मागून. साधारण 2,000 ते 20,000 डाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक) वजनाच्या या प्रथिनांचा जो आलेख निघतो, तो मशीनमधल्या संग्रहाशी ताडून नाव येतं. काही मिनिटांतच.

पण मेसेजमधून नेमका ‘कॉलनी’ हाच शब्द गळलाय. नेहमीच्या कामात मशीनला लघवीची डबी देऊन चालत नाही, जंतू आधी वाढवून द्यावे लागतात. शिवाय ई. कोलाय आणि शिगेला हे दोन जंतू इतके सख्खे की हे मशीन त्यांच्यात भरवशाने फरक करू शकत नाही. आणि डॉक्टरांना जे खरं हवं असतं, म्हणजे कुठलं औषध लागू पडेल, ते या आलेखातून सहसा कळत नाही.

आता ते तीन दिवस. लघवीचं कल्चर लावताना ठरावीक मापाच्या तारेच्या कडीने एक मायक्रोलिटर लघवी जंतूंचं खाद्य असलेल्या प्लेटवर पसरतो आणि प्लेट रात्रभर 35 ते 37 अंशांवर ठेवतो. चांगलं खाद्य मिळालं तर ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, तरी एका जंतूपासून डोळ्यांना दिसणारी कॉलनी व्हायला रात्र जातेच. सकाळी मॅकॉन्की नावाच्या खाद्याच्या प्लेटवर गुलाबी ठिपके दिसतात, ते मोजायचे. शंभर आले तर मिलिलिटरला एक लाख. मग सुटी कॉलनी उचलून तिचं ठरावीक गढूळपणाचं द्रावण करायचं, दुसऱ्या प्लेटवर ते पसरून औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि पुन्हा 16 ते 18 तास थांबायचं. चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतो, तीच सेन्सिटिव्हिटी. हे झाले दोन दिवस. प्लेटवर दोन जातींची सरमिसळ निघाली की आधी त्या वेगळ्या करा, म्हणजे तिसरा दिवस. ही सरमिसळ बऱ्याचदा घरूनच येते. एक आजोबा लोणच्याच्या बरणीत नमुना घेऊन आले होते, तोही दुपारच्या उन्हात दोन एसट्या बदलून. त्या प्लेटवर काय काय उगवलं, ते न सांगितलेलं बरं. नमुना निर्जंतुक डबीत हवा आणि दोन तासांत पोचायला हवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवलेला हवा.

सूक्ष्मदर्शकाचा मुद्दा. डॅनिश डॉक्टर ग्रॅम यांनी 1884 मध्ये मांडलेली रंगण्याची पद्धत आजही रोज वापरतो. जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल, मग लाल रंग. त्यात गुलाबी दांड्या दिसल्या की ग्रॅम-निगेटिव्ह हा मोठा गट कळतो, बस. ई. कोलाय, क्लेब्सिएला, प्रोटियस, टायफॉइडचा साल्मोनेला, सगळ्यांच्या गुलाबी दांड्याच. नाव हवं तर त्यांना रासायनिक प्रश्न विचारावे लागतात. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून इंडोल हे रसायन बनवतोस का? कोवॅक्सचं द्रावण टाकल्यावर नळीत वर लाल कडं आलं, तर हो. युरिया फोडतोस का? माध्यम गडद गुलाबी झालं, तर हो. मला अजूनही ते लाल कडं उमटताना बघायला आवडतं. प्रोटियस मात्र रक्त मिसळलेल्या खाद्याच्या प्लेटवर लाटांसारखा पसरतो, त्याला प्रश्न विचारायच्या आधीच तो ओळख देतो.

विडालबद्दल थोडक्यात. ती चाचणी जंतू शोधत नाही, रक्तातली प्रतिपिंडं शोधते. ती जुन्या संसर्गाची किंवा लशीमुळे आलेली असू शकतात, आणि तापाच्या पहिल्या दिवसांत तर ती पुरेशी तयारच नसतात. तेव्हा रक्ताचं कल्चर जास्त उपयोगी. फक्त ते अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यावं, कारण नंतर जंतू असूनही ‘नो ग्रोथ’ येऊ शकतं. रिपोर्ट येईस्तोवर औषध रोखून धरा, असा याचा अर्थ नाही. रक्त काढलं की डॉक्टर लगेच सुरू करू शकतात.

मेसेजची बाजू एका ठिकाणी मात्र जड आहे: टीबी. टीबीचा जंतू इतका सावकाश वाढतो की कल्चरला आठवडे लागतात. जीनएक्सपर्ट हे मशीन थेट थुंकीतून जंतूचा डीएनए शोधतं आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला तो दाद देईल का, हेही दोन तासांच्या आत सांगतं. तिथे कल्चरची वाट बघत बसा असं कोणी म्हणत नाही. पण मेलेल्या जंतूचाही डीएनए सापडतो, म्हणून उपचार लागू पडतायत का हे बघायला ते चालत नाही.

राहिली दोन लॅबची दोन नावं. चूक कुठल्याही लॅबची होऊ शकते, आमचीही. पण मावसभावाने पुरावा म्हणून जे दोन रिपोर्ट पाठवले, त्यात एकावर ‘एंटेरोबॅक्टर एरोजेनिस’ होतं, दुसऱ्यावर ‘क्लेब्सिएला एरोजेनिस’. जंतू एकच. जनुकांच्या अभ्यासावरून त्याला 2017 मध्ये क्लेब्सिएलांच्या घरात हलवलं, आणि पहिल्या लॅबने जुनंच नाव चालू ठेवलंय. दोन्ही रिपोर्टांवर लागू पडणारी औषधंही तीच होती. हे मी ग्रुपवर टाकलं. मावसभावाने अंगठा दाखवला, मेसेज मात्र अजून काढलेला नाही.