‘लाय डिटेक्टर’ खोटे पकडत नाही

पॉलिग्राफ (म्हणजेच ‘लाय डिटेक्टर’) यंत्र खोटे अचूक पकडते आणि त्याचा निष्कर्ष न्यायालयात निर्णायक पुरावा ठरतो, असा जो मजकूर फिरत आहे, त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत. हे यंत्र श्वसन, रक्तदाब, नाडी आणि घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता एवढेच नोंदवते. हे बदल खोटे बोलताना होऊ शकतात, तसेच निव्वळ भीतीने किंवा संशय घेतला गेल्याच्या रागानेही होतात. उलट, सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करणारा अमेरिकी गुप्तचर अधिकारी आल्ड्रिच एम्स १९८६ आणि १९९१ या दोन्ही चाचण्यांतून निसटला होता. रक्तदाबावर आधारलेली अशी चाचणी अमेरिकेतील न्यायालयाने १९२३ मध्येच पुरावा म्हणून नाकारली होती, तर भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालानुसार ती संमतीशिवाय करताच येत नाही.