क्लच प्लेटा भिजत घातल्या आहेत

नागपुरात वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढताना गाडीचा आवाज ऐंशीचा आणि वेग तिशीचा असेल, तर क्लच गेला असं समजावं. वर मेट्रो, खाली रस्ता आणि मधल्या पुलावर इंजिनाच्या नावानं बोंब मारत चाललेलो आपण. ३.१४ किलोमीटरच्या या पुलाची २०२२ साली गिनीज बुकात नोंद झाली. त्यावरच्या सगळ्यात हळू दुचाकीची नोंद घ्यायला मात्र कोणी आलं नाही.

आधी फुकटचा उपाय. क्लचची लिव्हर टोकाशी साधारण एक-दोन सेंटिमीटर ढिली असावी लागते. केबल फार ताणलेली असली तरी क्लच घसरतो. मी केबल ढिली केली. गाडी तशीच घसरत राहिली, वर गिअर टाकताना खडाखडा वाजायला लागली. मेकॅनिककडे नेली तर त्यानं लिव्हर दाबून न दाबल्यासारखी केली आणि म्हणाला, "पूरा क्लचच खोलावा लागन भाऊ." मग प्लेटांपासून सुरू होऊन हाउसिंगपर्यंत पोचलेला एक आकडा सांगितला. तो ऐकून मी खिशातला हात बाहेर काढला आणि हँडलवर ठेवला.

खरं म्हणजे काम मोठं नाही. घर्षणाच्या प्लेटा आणि स्टीलच्या प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात, स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात. बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत आपण हाफ क्लचवर तरंगत राहतो, तेव्हा त्या एकमेकींना घासत राहतात. शेवटी अंगावरचं मटेरियल संपतं आणि पकड सुटते. बाजारात प्लेटांचा सेट, स्प्रिंगा आणि झाकणाखालचा कागदी गॅस्केट मिळून हजाराच्या आत काम झालं. दुकानदारानं "ओरिजिनल देऊ का चालणारं?" असं विचारलं होतं. ओरिजिनल चालत नाही, ही माहिती मला नवीन होती.

रविवारी सकाळी अंगणात गाडी लावली आणि किक काढली. बस्स, तेवढ्यात शेजारचे काका फाटकाशी हजर. नागपुरात माणूस आजारी पडला तर लोक फोन करतात, गाडी उघडली तर स्वतः येतात.

"काय खोलून राहिला गा?"

"क्लच, काका."

"ऑइल कायले सांडवतं? गाडी डाव्या अंगाला टेकव नं भिताडाले. झाकण वर येते, ऑइल तिकडं जाते."

काकांचा हा सल्ला सोळा आणे खरा निघाला. क्लच उजवीकडे असतो, गाडी डावीकडे झुकवली की झाकण काढलं तरी ऑइल ओघळत नाही. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकतं, एवढंच. ते काकांनी सांगितलं नव्हतं, पण वास आल्यावर विडी विझवली, हे त्यांचं मोठेपण.

झाकणाचे बोल्ट सगळे एका मापाचे नसतात. लांब बोल्ट आखूड जागी फिरवला की कामाचा खर्च मेकॅनिकच्या आकड्याकडे सरकतो. म्हणून सोनपापडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढला आणि निघेल तो बोल्ट त्याच्या जागी टोचत गेलो. आठ नंबरच्या पान्याला शेवटचा बोल्ट शरण आला, झाकणाला लाकडाच्या ठोकळ्यानं चापट्या मारल्या, आणि ते निघालं. जुना गॅस्केट मात्र निघेना. तळाला लागलेल्या दुधासारखा तो दोन्हीकडे चिकटलेला. ब्लेड जोरात चालवावं तर अॅल्युमिनियमवर ओरखडा, आणि त्या ओरखड्यातून जन्मभर ऑइल. हळू चालवावं तर दिवस मावळतो. क्लच बदलायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ या कागदानं खाल्ला. कपटे आत पडू नयेत म्हणून तोंडाशी आईचं जुनं लुगडं कोंबलं होतं. ते जुनं आहे यावर आईचं आणि माझं अजून एकमत नाही.

स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग होते, म्हणजे तापून निघालेल्या. त्या वाकल्यात का, ते सपाट जागी ठेवून खालून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवून बघतात. आमच्या घरातली सगळ्यात सपाट जागा म्हणजे स्वयंपाकघराचा ग्रॅनाइटचा ओटा.

"अहो, तिथं मी पोळ्या लाटते."

"धुऊन आणल्यात."

"कशानं?"

रॉकेलनं, हे मी सांगितलं नाही. प्लेटा सरळ निघाल्या, पैसे वाचले.

नव्या घर्षणाच्या प्लेटा कोरड्या बसवायच्या नसतात, इंजिन ऑइलमध्ये रात्रभर भिजवाव्या लागतात. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, माह्या कारचं ऑइल उरलं आहे, फुकटात घेऊन जा." फुकट हा शब्द मला फार लवकर ऐकू येतो, पण कारच्या ऑइलमध्ये घसरण वाढवणारी द्रव्यं असू शकतात आणि दुचाकीचा क्लच तर ऑइलातच बुडालेला असतो. डब्यावर 'जासो एमए' (ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं दुचाकीचंच ऑइल घेतलं. सकाळी आईनं ओट्याखालच्या स्टीलच्या डब्याचं झाकण उघडलं आणि विचारलं, "हे काय भिजत घातलं रे?"

"प्लेटा."

"कोणाच्या लग्नाच्या?"

दुसऱ्या दिवशी प्लेटा बसवल्या, स्प्रिंगांचे बोल्ट आलटून-पालटून आवळले, नवा गॅस्केट लावला, गाडी सरळ करून केबल जुळवली. पहिला गिअर टाकला आणि गाडी अशी उचलली की काका फाटकावरून दोन पावलं मागं सरकले. मग परत पुढं आले, इंजिनाशी कान लावला.

"क्लच झकास बसला. पण टॅपेट वाजून राहिले बाप्पा."

टॅपेट म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट, ती जुळवायलाही फीलर गेजच लागतं. ते अजून ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारीच आहे. पुढच्या रविवारी ओटा रिकामा असेल का, एवढं बायकोला विचारायचं आहे.