अल्टोत दोन सायकली मावतात

गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला मी आणि लेक पार्किंगमध्ये सायकली गाडीत भरत होतो. तिसऱ्या मजल्यावरचे काका फिरायला निघाले होते. ते थांबले, आमची खटपट बघितली आणि अगदी मायेने म्हणाले, "एवढी आवड आहे तर आता एक मोठी गाडी घ्याच तुम्ही." या वर्षात हे ऐकवणारे ते चौथे. सायकलच्या ग्रुपमध्येही नवीन माणूस पहिल्या महिन्यात हेच विचारतो, सायकली न्यायच्या तर कुठली एसयूव्ही घेऊ? म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आमची गाडी २०१४ची अल्टो ८००. लांबी साडेतीन मीटरच्या आत, रुंदी जेमतेम दीड मीटर, डिकी १७७ लिटरची. म्हणजे दोन बॅगा आणि पाण्याची कॅन ठेवली की संपली. या गाडीतून गेली तीन वर्षं आम्ही दोघी दोन मोठ्या सायकली घेऊन फिरतोय. दापोली, भोर, पाचगणी, वाई. दोन्ही सायकली गाडीच्या आत असतात आणि काचा पूर्ण बंद होतात.

सायकल आहे तर सायकलनेच का जात नाही, असंही विचारतात. मी एकटी असते तर गेले असते. पण पंधरा वर्षांच्या मुलीला पुढे घालून चांदणी चौकातून, डंपरच्या शेजारून बाहेर काढायची माझी छाती होत नाही. पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणायचे; माझी आई लक्ष्मी रोडने सायकलवर कॉलेजला जायची. आज माझ्या मुलीला निवांत सायकल चालवायची तर आधी शहरापासून पन्नास किलोमीटर लांब जावं लागतं. याचं मला खरंच वाईट वाटतं, पण म्हणून तिची सायकल गॅलरीत गंजू द्यायची नाही हे मी ठरवलंय.

सुरुवातीला मीही सगळे करतात तेच केलं. डिकीच्या दाराला पट्ट्यांनी अडकवायचं कॅरिअर आणलं. दुकानदार म्हणाला, "ताई, सगळ्या गाड्यांना बसतं." बसलं. दोन सायकली त्यावर टांगल्या, पट्ट्या आवळल्या आणि दापोलीला निघालो. ताम्हिणीत रबर जळल्याचा वास यायला लागला. मला वाटलं क्लच जळतोय. गाडी बाजूला घेऊन मागे गेले तर लेकीच्या सायकलचं पुढचं चाक बरोबर सायलेन्सरच्या तोंडासमोर आलेलं. वळणावळणांवर पट्टी सैल होऊन सायकल चार बोटं खाली सरकली होती. टायरला हात लावला तर रबर च्युइंगगमसारखं बोटाला चिकटून आलं. आत ट्यूब फुगून फोडासारखी दिसत होती. वर डिकीच्या दाराची कड, जिथे कॅरिअरचे हुक बसतात, तिथला पत्रा आत वळला होता. पावसाळ्यात तिथून पाणी गळायला लागलं तेव्हा त्याचा खर्च कळला.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. एवढ्या लहान गाडीच्या पाठीवर मोठ्या सायकली टांगू नयेत. साधा हिशोब बघा. मोठ्या माणसाची सायकल या टोकापासून त्या टोकापर्यंत १७० सेंटिमीटरच्या आसपास भरते. गाडीची रुंदी १५०. म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर चाक बाहेर. आपल्याकडे दुचाकीवाला गाडीला किती खेटून जातो हे वेगळं सांगायला नको, आणि ते बाहेर आलेलं चाक त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर असतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगीपेक्षा जास्त बाहेर येणाऱ्या सामानासाठी २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. त्यात नंबरप्लेट झाकली जाते, ब्रेकलाइट झाकले जातात. मला पौड रोडवर एका हवालदारांनी थांबवलं होतं. पावती फाडली नाही, फक्त गाडीच्या मागे नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "ताई, तुम्हीच वाचा तुमचा नंबर." मला वाचता आला नाही. त्यांचं बरोबर होतं.

टपावरचं कॅरिअर त्यापेक्षा बरं, आणि घरात तीन-चार माणसं असतील तर तोच मार्ग आहे. इथे लहान गाडीचा एक फायदाही आहे. अल्टोचं टप दीड मीटरच्याही आत, त्यामुळे माझ्यासारखी पाच फूट एक इंचाची बाई स्टुलाशिवाय सायकल वर चढवू शकते. उंच एसयूव्हीवर मला ते जमणार नाही. वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीला टपाच्या कडेने पन्हाळ होती, तिला साधं लोखंडी कॅरिअर घट्ट बसायचं. आताच्या गाड्यांना ती नसते, म्हणून दाराच्या चौकटीत पकड घेणारे खास क्लॅम्प लागतात. ते आपल्याच मॉडेलचे घ्यावेत आणि टपाला किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात बघावं. दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या ठेवा. सायकल उभी लावली की गाडी अडीच मीटर उंच होते, तळघरातल्या पार्किंगची पट्टी त्यापेक्षा खाली असते. आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६०चा वेग ९०वर नेलात की विरोध सव्वादोन पट. ७९६ सीसीच्या इंजिनाला ते लगेच जाणवतं, खिंडीत आडवा वारा लागला की स्टिअरिंगलाही.

पण दोघांना दोन सायकली न्यायच्या असतील तर चाकं काढा आणि आत घाला. एवढंच मला सांगायचंय, आणि लोक नेमके यालाच घाबरतात.

माझी सायकल १३ किलोची हायब्रिड (रस्त्यावर आणि थोड्या कच्च्या वाटेवर चालणारी), लेकीची १४ किलोची एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची माउंटन बाइक. दोन्ही मिळून २७ किलो, म्हणजे मागच्या सीटवर एक शाळकरी पोर बसल्यासारखं. अल्टोला ते वजन काहीच नाही, अडचण असते ती आकाराची. आधी मागची सीट पूर्ण दुमडायची, पुढच्या दोन्ही सीट एक-एक खाच पुढे घ्यायच्या. तळाला जुनी सोलापुरी चादर. मग चेन मागच्या सगळ्यात लहान चक्रावर आणायची, म्हणजे मागचं चाक सहज सुटतं. क्विक रिलीजचा, म्हणजे चाकाच्या मधल्या आसावरचा हाताने सुटणारा खटका उघडून दोन्ही चाकं काढायची, सीट पोस्टसकट, म्हणजे खालच्या दांड्यासकट, उपसायची. एमटीबीचं हँडल रुंद असतं, ते आडवं येतं. पाच नंबरच्या एलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने, हँडल धरणाऱ्या तुकड्याचे (स्टेमचे) बाजूचे बोल्ट सैल करून ते फ्रेमला समांतर वळवायचं. लेकीच्या सायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत, तर चाक काढल्याबरोबर ब्रेकपॅडच्या मधे पुठ्ठ्याचा जाड तुकडा सरकवायचा. चाक नसताना चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा चाक बसत नाही. आमचा पुठ्ठा नेहमीचा, टूथपेस्टच्या खोक्याचा, चौपदरी घडी करून रबर लावलेला.

आता पहिली फ्रेम आत आडवी टाकायची, डिरेलरची (मागच्या चाकाजवळ गियर बदलणाऱ्या भागाची) बाजू वर. ही बाजू खाली गेली तर डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर वाकतो आणि मग दिवसभर गियर खरखर करत राहतात. वर गोधडी, तिच्यावर दुसरी फ्रेम, पहिलीच्या उलट तोंडाची, म्हणजे एकीचं हँडल दुसरीच्या रिकाम्या जागेत जातं. चारही चाकं जुन्या उशीच्या अभ्र्यांसारख्या मोठ्या पिशव्यांत घालून कडेने लावायची. माझ्या आईने लुगड्याच्या कापडाच्या शिवून दिल्यात. शेवटी सगळं पट्टीने पुढच्या सीटच्या लोखंडी पायांना करकचून बांधायचं. हे टाळू नका. जोरात ब्रेक लागला तर हे सगळं आपल्या पाठीवर येणार आहे. बांधून झालं की आरशात मागची काच दिसते का बघायचं, दिसत नसेल तर पुन्हा रचायचं.

पहिल्यांदा आम्हाला पाऊण तास लागला होता. आता चौदा मिनिटं. त्यातली निम्मी कामं लेक करते. आठवीत असताना ती पंक्चर झालं की फोन करून मला बोलवायची. या डिसेंबरात मुरुड ते हर्णै जाताना एका काकांच्या सायकलचं मागचं चाक डळमळत होतं, तर हिने उतरून त्यांचा खटका नीट बसवून दिला. समोर सुवर्णदुर्ग, खाली बंदरावर मासळीचा लिलाव लागलेला, आणि माझी पोर ग्रीसने काळे झालेले हात वाळूत घासतेय. मोठ्या गाडीत सायकली तशाच ढकलल्या असत्या तर ती हे शिकली नसती, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझा सायकलच्या दुकानदारांना आग्रह आहे. तीस हजारांची सायकल विकताना गिऱ्हाइकाकडून तिथेच दोनदा चाक काढून, बसवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. माझी पहिली सायकल घेताना कोणी हे शिकवलं असतं तर ते कॅरिअर मी आणलंच नसतं. आणि जे केवळ सायकलसाठी दहा-बारा लाखांच्या गाडीचा विचार करताहेत, हप्त्यांची गणितं मांडताहेत, त्यांनी आधी आहे त्या गाडीची मागची सीट एकदा दुमडून, टेपने मोजून बघा. नॅनो असेल तर तिच्या पहिल्या गाड्यांना मागचं दार उघडत नव्हतं, २०१५च्या मॉडेलपासून उघडतं. तेवढं बघून घ्या.

येत्या रविवारी सकाळी सातला मी आमच्या पार्किंगमध्ये आहे. ओळखीतल्या ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी आपली सायकल, आपली गाडी आणि एक जुनी चादर घेऊन या. एलन की माझ्याकडे आहेत. शिकवायला लेक असेल.