धमकी देणाऱ्या मुलाला शाळेतून काढलं, आता पुढे?

एखाद्या मुलाने वर्गात ‘एकेकाला बघून घेतो’ म्हटल्याची बातमी फुटली, की पालकांच्या ग्रुपवर पहिली मागणी ठरलेली असते: काढून टाका त्याला. त्यामागची भीती मला कळते, मीही आईच आहे. पण काढून टाकल्याने धोका टळतो हे मला अजिबात पटत नाही. मूल घरी बसतं, राग तसाच राहतो, आणि रोज त्याच्याकडे पाहणारी शिक्षकांची नजर तेवढी जाते.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये विद्यार्थ्यांनीच गोळीबार केला. त्यानंतर तिथल्या सीक्रेट सर्व्हिसने (राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या यंत्रणेने) आणि शिक्षण खात्याने मिळून शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला. २००२ साली अहवाल आला. ‘असा मुलगा दिसला की सावध व्हा’ असा कुठलाच साचा सापडला नाही. हल्लेखोरांत अभ्यासात पुढे असलेले होते, मागे पडलेले होते, एकलकोंडे होते, मित्रांत रमणारेही होते. पण ८१ टक्के घटनांमध्ये निदान एकाला तरी आधी कुणकुण होती, आणि ते बहुतेक वेळा मित्र, वर्गमित्र किंवा भावंड होतं. बहुतेक हल्लेखोरांनी आपल्या लक्ष्याला थेट धमकी मात्र दिलेली नव्हती.

म्हणजे जो ओरडतो तो करेलच असं नाही, आणि जो करणार आहे तो ओरडेलच असंही नाही. म्हणून तोंडातून काय निघालं यापेक्षा मुलाचं काय चाललंय हे बघावं लागतं. भांडणात ‘मारून टाकीन’ म्हणून पाच मिनिटांत पुन्हा खेळायला लागलेला मुलगा वेगळा. वहीत ठरावीक नावं लिहिणारा, हत्याराची चौकशी करणारा, आवडीच्या वस्तू वाटून टाकणारा वेगळा. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ड्यूई कॉर्नेल यांनी शाळांसाठी बसवलेली धमकीच्या मूल्यमापनाची पद्धत याच फरकावर उभी आहे. मुख्याध्यापक, समुपदेशक, पोलीस अधिकारी एकत्र बसतात, मुलाशी बोलतात, माहिती पडताळतात आणि मगच ठरवतात. व्हर्जिनियात २०१३ पासून सरकारी शाळांना असं पथक कायद्याने बंधनकारक आहे.

ही पद्धत नसली की काय होतं? ३० नोव्हेंबर २०२१, मिशिगनमधली ऑक्सफर्ड हायस्कूल. एका मुलाच्या गणिताच्या कागदावर शिक्षिकेला बंदुकीचं चित्र दिसलं. शेजारी लिहिलेलं, ‘विचार थांबत नाहीत, मदत करा.’ आदल्या दिवशी तो मोबाइलवर काडतुसं शोधताना सापडला होता. आईवडिलांना बोलावलं, समुपदेशकाने समुपदेशन सुरू करण्याचा सल्ला दिला, आईवडिलांनी त्याला घरी नेलं नाही, आणि तो पुन्हा वर्गात गेला. दप्तर कुणीच उघडलं नाही. पिस्तूल त्यातच होतं. दोनेक तासांत त्याने गोळीबार केला, चार विद्यार्थी गेले.

हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. त्या मुलाने स्वतःच्या हाताने मदत मागितली होती! शिक्षिकेने पाहिलं, कळवलं, तिचं काम तिने चोख केलं. पण सगळे तुकडे एका टेबलावर ठेवून ‘याच्या हाती हत्यार लागू शकतं का?’ हे विचारायची ठरलेली रीत तिथे चाललीच नाही.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची वाटते. पथक म्हणजे गुप्तहेर खातं झालं, वेगळ्या वागणाऱ्या प्रत्येक मुलावर शिक्का बसायला लागला, की मुलं तोंड मिटतील. मित्राबद्दल सांगितलं की त्याचं वाटोळं होतं, असं एकदा दिसलं की पुढच्या वेळी कोण सांगेल? आणि सांगणारी मुलंच नसतील तर कॅमेरे आणि गेटवरचे रक्षक काय करणार?

मूल्यमापन एका बैठकीत होतं, खरं काम त्यानंतरचं. त्या मुलाला छळणारे कोण, तो छळ थांबवला का, घरातलं हत्यार कुलपात गेलं का, समुपदेशन सुरू झालं का, महिन्याभराने त्याला कुणी भेटलं का. पुढच्या पालकसभेत कॅमेऱ्यांच्या संख्येऐवजी हे विचारा. एखादं मूल घाबरवणारं बोललं तर शाळेत ते कुणाला कळवायचं, त्या माणसाचं नाव काय, आणि तीन महिन्यांनंतर त्या मुलाची जबाबदारी कुणावर आहे?