स्वस्त पाकीट कोणतं घ्यायचं

"मॉलच्या स्वतःच्या ब्रँडचा किराणा डोळे झाकून घ्या" असं एका लेखात वाचलं, ते मला अर्धंच पटलं. आम्ही हिंगणघाटजवळच्या खेड्यात राहतो, महिन्यातून एकदा शहरात जाऊन सामान भरतो. साखर, पोहे, रवा, मीठ यांत मला कधीच फरक जाणवला नाही. मीठ आयोडीनचं आहे का तेवढं पाहायचं.

तेलाचं मात्र नीट बघा. एक लिटर सोयाबीन तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण बाजूला अगदी तसंच दिसणारं पाऊच ८५० ग्रॅमचं असू शकतं. पाच रुपये कमी दिले तरी ते महागच पडतं. पाकिटावर प्रति ग्रॅम भाव छापलेला असेल तर तोच वाचायचा, नाहीतर किमतीला ग्रॅमांनी भागून बघायचं.

तुरीच्या डाळीत मी एकदा फसली. तुकडा जास्त, शिट्ट्या जास्त आणि वरणाला चवच नाही! ज्यांच्या शेतात तूर आहे त्यांनी तर मिलवरून डाळ करून आणावी, चुनी, म्हणजे डाळ करताना निघणारा चुरा, ढोरांना होते. हळद-तिखटही स्वस्त पाकिटातलं नकोच. वायगावची हळद आपल्याच वर्धा जिल्ह्यातली, भिवापूरची मिरचीही फार लांब नाही, दोन्हींना भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्याच मालाची सरकारी ओळख, आहे. हळकुंडं आणि मिरच्या आणून गावातल्या चक्कीवर दळल्या की वास कसा घरभर सुटतो!

चहापत्तीचं म्हणाल तर सासूबाई म्हणतात, स्वस्तातली दुप्पट टाकावी लागते. दोन महिने वापरून पाहिली, त्यांचंच खरं निघालं.