आकडे टाकायच्या आधी बिल्ड कुठला होता ते तरी बघा!

"लिनक्सवर इतका वेग, विंडोजवर त्याच्या पाव, म्हणजे विंडोज पोर्ट भिकार." गणिती लायब्ररीच्या बेंचमार्कचे असले तक्ते बघून डोकं फिरतं. अहो, बिल्ड, म्हणजे कोडपासून बनवलेला चालता प्रोग्रॅम, कुठला होता? सीमेक या बिल्ड जुळवणाऱ्या साधनात व्हिज्युअल स्टुडिओचा जनरेटर 'बिल्ड टाइप' या सेटिंगकडे ढुंकूनही बघत नाही. बिल्ड करताना 'रिलीज' (वेगवान बिल्ड) वेगळं सांगावं लागतं, नाहीतर गुपचूप डीबग बिल्ड होतो, चुका शोधायचा, संथ. एकाचे पाय बांधून शर्यत लावायची आणि वर निकालही जाहीर करायचा!

सी++ मधल्या लाँग डबल या दशांश संख्यांच्या प्रकाराचा घोळ तर विचारूच नका. इंटेलच्या लिनक्सवर तो ८० बिटांचा. एमएसव्हीसी या मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये आणि अ‍ॅपलच्या एआरएम मशीनवर तोच साध्या डबलइतका, ६४ बिटांचा. ६४-बिट एआरएम लिनक्सवर १२८ बिटांचा, आणि तो चालतो सॉफ्टवेअरमधून, म्हणजे रडतखडत. नाव एक, काम वेगळं, आणि हे महाशय तिन्ही आकडे एकाच रकान्यात छापतात.

थोडा हिशेब करायला काय जातं? १००० बाय १००० च्या दोन मॅट्रिक्सच्या गुणाकाराला साधारण २ अब्ज क्रिया लागतात. गुणाकार-बेरीज एकदम करणारी दोन २५६-बिट एफएमए युनिटं असलेला कोअर एका सायकलला डबलच्या १६ क्रिया करतो, म्हणजे ३ गिगाहर्ट्झला फार तर ४८ गिगाफ्लॉप्स, सेकंदाला ४८ अब्ज क्रिया. एका थ्रेडवर, म्हणजे एकाच कोअरवर, २०० दिसले तर नाचू नका. हेडर-ओन्ली लायब्ररीत (जिचा सगळा कोड तुमच्या कोडबरोबरच कंपाइल होतो) उत्तर कुठे वापरलंच नाही, तर कंपायलर अख्खा लूप उडवतो. नाहीतर थ्रेड एक नव्हताच: ओपनब्लास ही मॅट्रिक्सची लायब्ररी सांगितलं नाही तर सगळे कोअर जुंपते. आधी थ्रेड १ करा, मग बोला.

लिनक्सवर टास्कसेट या कमांडने प्रोग्रॅम ठरावीक कोअरला बांधता येतो. मॅकओएसवर अ‍ॅपल सिलिकॉनला, म्हणजे त्यांच्या एआरएम चिपला, ती सोयच नाही, प्राधान्य सुचवायचं आणि गप्प बसायचं. पहिली फेरी फेका, पेज फॉल्ट (मेमरी पहिल्यांदा हाताळतानाचे खोळंबे) तिच्यातच असतात. पुढे निदान ३० फेऱ्या घ्या आणि मीडियन (मधला आकडा) द्या, सरासरी नको. मध्येच अँटिव्हायरस जागा झाला की सरासरी गेली. लॅपटॉप असेल तर चार्जरला लावा, तापल्यावर क्लॉक कितीवर उतरतो तेही लिहा.

आणि तो सीआयचा बॉट, कोडमधला प्रत्येक बदल आपोआप तपासणारा! शेअर्ड व्हर्च्युअल मशीन, शेजारी कोण काय चालवतंय पत्ता नाही, आज एक प्रोसेसर, उद्या दुसराच. तिथे ३ टक्के मंदावलं म्हणून बिचाऱ्याचा पॅच अडवून ठेवतात. तोच कमिट (कोडची तीच आवृत्ती) दोनदा चालवून बघा की, फरक ३ टक्क्यांच्या वरच निघेल!