चॉकलेटने नोबेल? वहिनी, जरा थांबा

आमच्या वहिनी गेले तीन आठवडे दहावीतल्या पोराच्या दप्तरात रोज एक चॉकलेट टाकतायत. सोसायटीच्या ग्रुपवरून आलेला फॉरवर्ड: 'चॉकलेट खाणाऱ्या देशांना जास्त नोबेल. संबंध ७९ टक्के, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. मुलांना रोज द्या.' दप्तरात आता मुंग्या झाल्यात.

'सिद्ध केलं.' कुठे? लेख खरा आहे, एवढं कबूल. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फ्रान्झ मेसर्ली या डॉक्टरांनी २३ देशांचं दरडोई चॉकलेट आणि दर कोटी लोकांमागची नोबेल यांचा आलेख मांडला. सहसंबंध गुणांक आला ०.७९१. पण आपण स्वतः रोज चॉकलेट खातो, हेही त्यांनी तिथेच जाहीर केलंय. माणूस गालातल्या गालात हसतोय हो!

'७९ टक्के' वाचून मात्र माझं डोकं फिरलं. ०.७९१ म्हणजे शंभरातली ७९ पोरं हुशार होतात असं नव्हे. आलेखावरचे ठिपके सरळ रेषेच्या किती जवळ बसतात, एवढंच तो आकडा सांगतो. त्यातला एकेक ठिपका म्हणजे अख्खा देश. कुठल्या नोबेलविजेत्याने किती चॉकलेट खाल्लं याची त्यात नोंदच नाही. शिवाय नोबेल मोजलीत १९०१ पासूनची आणि चॉकलेटचे आकडे २००२ ते २०११चे. म्हणजे आइन्स्टाइनना १९२१चं नोबेल मिळालं ते पणतवंडांच्या पिढीने खाल्लेल्या चॉकलेटमुळे! अहो, ज्या देशाच्या खिशात पैसा आहे त्याला चॉकलेट परवडतं आणि प्रयोगशाळाही. स्वीडनने तर त्या रेषेलाच दगा दिला. वर्षाला माणशी ६.४ किलो चॉकलेटच्या हिशेबाने त्यांना १४ च्या आसपास नोबेल मिळायला हवी होती, मिळाली ३२. एकतर स्वीडनमधली नोबेल समिती आपल्या माणसांकडे झुकते, नाहीतर स्वीडिश लोकांना चॉकलेट जास्त चढतं, अशी थट्टा खुद्द मेसर्लींनी केलीय.

फॉरवर्ड पुढे म्हणतो, 'स्वित्झर्लंड सर्वाधिक खातं, म्हणून त्यांना सर्वाधिक नोबेल.' मेसर्लींच्या लेखापुरतं, माणशी हिशेबाने, दोन्ही खरं. 'म्हणून' तेवढं खोटं.

'कोकोतले फ्लॅव्हनॉल मेंदूला चांगले.' फ्लॅव्हनॉल म्हणजे कोकोच्या बियांतली नैसर्गिक द्रव्यं. बरं, यात थोडं तथ्य असेल, अभ्यास चालू आहेत. पण वहिनी आणतात त्या चॉकलेटच्या वेष्टनावर पहिलाच घटक साखर आहे. मी वाचून दाखवलं.

काल पुतण्याला विचारलं, काही फरक पडला का? म्हणाला, "काका, गणितात मार्क तेवढेच. पण मधल्या सुट्टीत मित्र वाढलेत."